चौथ्या टप्प्याची भिंत

९ जानेवारी २०२५

आज आसरदऱ्याची बाग पाहिली. एकाहत्तराव्या वर्षी, पहिल्यांदा.

सांगलीहून साडेतीन तास लागले. गाडी ब्राह्मीने चालवली. ती माझ्या धाकट्या भावाची, जिनेंद्रची मुलगी. जुन्या बागा आणि घाट मोजून त्यांचे नकाशे करणे हे तिचे काम. आसरदऱ्याच्या विश्वस्तांनी बागेच्या दुरुस्तीसाठी तिलाच बोलावले, याला मी योगायोग म्हणत नाही. ते घराण्यात आहे.

खंडाळा तालुक्यातला डोंगर, त्याच्या उतारावर सात टप्पे. प्रत्येक टप्पा दगडी भिंतीने तोललेला. भिंतींत चुना नाही. दगडावर दगड, एवढेच. मधून पायऱ्या, पायऱ्यांच्या कडेने पाण्याचा पाट. सातव्या टप्प्याच्या वर राई: आंबा, जांभूळ, हिरडा, बेहडा. राईचा एक हात डाव्या अंगाने खाली चौथ्या टप्प्यापर्यंत उतरला आहे. बाग कुठे संपते आणि रान कुठे सुरू होते, हे खालून कळत नाही.

ऐंशी वर्षांपूर्वी संस्थानच्या धाकट्या सरकारांनी ही बाग करून घेतली. आखणी माझ्या वडिलांची. तवनाप्पा मगदूम, संस्थानचे ओव्हरसियर.

विश्वस्तांचे अध्यक्ष लालासाहेब भेटले. सोळा फेब्रुवारीला बाग लोकांसाठी उघडायची आहे. दाराशी काळा दगड बसवणार. त्यावर बाग करवून घेणाऱ्याचे नाव आणि त्याखाली करणाऱ्याचे नाव, एकच. ओळ मी लिहून द्यायची.

"तुमच्याशिवाय कोण लिहिणार, ताई? तुमचे वडील, आणि तुम्ही मराठीच्या बाई."

अप्पांनी मला इथे कधी आणले नाही. शाळेत असताना एकदा विचारले होते. "तिथं काय बघायचंय," म्हणाले आणि उठून गेले. इतका विनय मी पुढे कुणात पाहिला नाही.

१० जानेवारी

मुक्काम बागेच्या जुन्या बंगलीत. गुडघे दुखतात, पण पाचव्या टप्प्यापर्यंत गेले.

चौथी भिंत सगळ्यांत सुंदर. बाकीच्या सरळ आहेत. ही डावीकडे जाताना डोंगराच्या पोटात वळते, कोपरातून हात दुमडावा तशी. अप्पांची त्या वर्षाची कामाची वही बरोबर आणली आहे. वहीतल्या आराखड्यात ही भिंतही सरळ आहे. म्हणजे जागेवर उभे राहून त्यांनी स्वतःचा कागद बदलला. असा माणूस.

ब्राह्मीला हे दाखवले. तिने वहीची पुढची पाने उलटून पाहिली.

"आत्या, आजोबा पावसाळ्यात इथंच असायचे का?"

"दुसरीकडे कुठे जाणार? काम इथे होते."

"हं," म्हणाली आणि मोजायची फीत घेऊन खाली गेली.

१२ जानेवारी

पाय दुखत असतील म्हणून ब्राह्मीने मला बागेच्या कुंपणाला लागून असलेल्या एका घराच्या ओट्यावर बसवले आणि स्वतः मोजायला गेली. घर धनाजीचे. तो बागेची राखण करतो. त्याची आई रंगुबाई ओट्यावर लसूण सोलत होती. वय पंच्याऐंशी. मूळ घर म्हसवडकडचे, मेंढरांचे. आता इथे दीड एकर आणि चार शेळ्या.

मी लसणापासून थोडी सरकून बसले. तिच्या ध्यानात आले.

"बाई, तुमी जैनाच्या न्हवं? ऱ्हाऊ द्या, मी तिकडं सरते."

मी कोण, कशासाठी आले, ते सांगितले. तिने हात थांबवला.

"मगदुमसायबाची लेक तुमी?"

"हो."

"मग ती ताल बगितली का? वाकडी?" दगडी भिंतीला हे लोक ताल म्हणतात. "ती माज्या मामंजींनी घातल्याली. कोंडीबा वीरकर."

मी म्हटले, दगड बसवणारे हात पुष्कळांचे असतील. आखणारा वेगळा असतो. आखणे आणि बांधणे यांतला फरक मी तिला नीट समजावून सांगितला.

ती हसली. तोंडात दोन दात आहेत. "आखल्याली तर फुगली की, बाई. मामंजींनी घातल्याली उबी हाय."

"आये, गप बस की," धनाजी आतून म्हणाला. "पावण्या हाईत त्या."

"पावण्या हाईत म्हनूनच सांगतीया. तुला सांगून कंचा उपेग? तुला ताल आन तुळई कळत न्हाई."

वय झाले की माणसे ऐकलेले आणि पाहिलेले एकत्र करतात. मी वाद घातला नाही. चहा मात्र चांगला होता.

१५ जानेवारी, सांगली

घरी आले. वही पुन्हा वाचली, या वेळी पहिल्या पानापासून.

नोंदी रोजच्या आहेत. माणसे किती, दगड किती गाड्या, पाटाचा उतार किती. आषाढ शुद्ध चतुर्दशीला दोनच शब्द: "खणणे बंद." त्यानंतर कोरी पाने. मोजली नाहीत, पण चार महिन्यांची असावीत, कारण पुढची नोंद थेट कार्तिक वद्य द्वितीयेची: "चौथा टप्पा पाहिला." त्या दिवशी आणखी काही नाही.

अप्पांनी तरुणपणीच बाहुबली तीर्थावर महाराजांकडून नेम घेतला होता. चातुर्मासात जमीन खणायची नाही, खणवायची नाही. पावसात मातीत जीव वाढतात. आमच्या परसात त्या चार महिन्यांत फुलझाडाचे रोपसुद्धा लावत नसत. नोकरीतही त्यांनी नेम मोडला नाही, हे वहीवरून कळते. किती जण हे करू शकले असते? संस्थानचे काम थांबवून?

आणि कोरी पाने. मी त्यांचा अर्थ असा लावते की चार महिने ते त्या भिंतीचा विचार करीत होते. वळण त्या कोऱ्या पानांत आहे.

ओळ लिहिली: "या बागेची आखणी आणि उभारणी तवनाप्पा बाळाप्पा मगदूम यांनी केली." चार वेळा वाचली. एक शब्द कमी करता येईल का पाहिले. येत नाही.

लालासाहेबांना पाठवली.

२१ जानेवारी

पुन्हा आसरदरा. ब्राह्मीने चौथ्या भिंतीच्या वळणाशी कमरेइतका खड्डा घेतला आहे. नेमका तिथेच का, विचारले. "कुठंतरी घ्यायचाच होता," म्हणाली.

खड्ड्यात भिंतीच्या पायाखालून जाणारी दगडी मोरी निघाली. हात घालता येईल एवढी. आत अजून ओल आहे. मोरी डावीकडे राईत जाते. वरून पाहिले तर तिच्या रेषेवर अकरा जांभळी एका ओळीत उभ्या आहेत. मला वाटले होते, अप्पांनी ती ओळ शोभेसाठी लावली.

"लावलेल्या नाहीत, आत्या. पाणी गेलं तिथं उगवल्या."

मग तिने मला पायाचे दगड दाखवले. खालच्या दोन थरांतले दगड सरळ रेषेत निघून मध्येच तुटतात. त्यांच्या मागे वळणाचा पाया वेगळा सुरू होतो.

"ही भिंत एकदा सरळ बांधली होती. मग उतरवली, मोरी घातली आणि परत बांधली. घाईत, पण फार चांगली. पावसात केलेलं काम आहे. मागच्या भरावात चिखल आहे, कोरडी माती नाही."

मी म्हटले, "चांगला माणूस आपली चूक आपण दुरुस्त करतो."

ती वळली. मग खड्ड्यात उतरून फीत गुंडाळू लागली. आजकाल फार कमी बोलते. कामाचा ताण असणार.

सूर्य मावळायच्या आत जेवून घेतले. नंतर अंथरुणावर पडल्यावर दोन शब्द डोक्यात आले. पावसात. आणि: खणणे बंद.

२४ जानेवारी

दोन दिवस बागेत गेले नाही. आज सकाळी स्वतःच रंगुबाईकडे गेले. म्हटले, तुमच्या मामंजींची गोष्ट पहिल्यापासून सांगा, मी मध्ये बोलणार नाही.

"मास्तरीन मदी न बोलता ऱ्हाईल व्हय," म्हणाली. पण सांगितले. तिने ते तिच्या सासूकडून, आत्याबाईंकडून, ऐकले. सासू त्या वर्षी इथे दगड वाहत होती.

कोंडीबाची मेंढरे होती. माणदेशात ताली घालण्यातही त्यांचा हात चालत असे. त्या वर्षी मेंढरे भावाकडे देऊन ते बागेच्या कामावर राहिले. आषाढापर्यंत तीन टप्पे झाले, चौथ्याची भिंत अर्ध्यावर आली. मागे मातीचा भराव टाकून झाला. मोरी राहिली.

"मामंजी म्हनले, सायब, येवडी मोरी खणून काडू, मग बंद करा. सायब म्हनले, आज चवदस. उद्यापास्नं कुदळ लावायची न्हाई. आन गेले गावाला. मानूस देवावानी, पर पावसाला कुटं म्हाईत चवदस."

बाकीचे मजूर तिसऱ्या टप्प्यावर खोपटी घालून राहिले होते. चौथ्या भिंतीच्या खालीच. श्रावणात चार दिवस झड लागली. भिंतीला पोट सुटले. कोंडीबा रोज सकाळी भिंतीला पाठ लावून बसत.

"पाठ लावून?"

"मेंढकं तसंच बगत्यात. दगूड हालला तर पाठीला आदी कळतंय, डोळ्याला मागनं."

पाचव्या दिवशी त्यांनी कुदळ घेतली. बाकीचे घाबरले. साहेबांचा हुकूम होता. मग कोंडीबाची बायको उतरली, आणि तिच्यामागून सगळे. भिंत वरून उतरवली, पाणी जिकडे ओढ घेत होते तिकडे मोरी काढली, आणि पाण्याला वाट ठेवून भिंत वळवली. सोळा दिवस. नंतर सगळे घाबरून गप्प बसले. कार्तिकात साहेब येणार होते.

"आलं. तालीपुडं हुबं ऱ्हायलं. आत्याबाई सांगायच्या, पागोटं काडलं न्हाई, बसलं न्हाई, पानी पेलं न्हाई. मग मामंजींना हाक मारली. म्हनले, कोंडीबा, खणताना किती जीव मेले?"

रंगुबाईने लसणाची पाटी मांडीवरून खाली ठेवली.

"मामंजी म्हनले, ते मोजलं न्हाईत, सायब. खाली खोपटात सा मानसं आन दोन ल्येकरं व्हती, ती मोजल्याली."

मध्ये न बोलायचे वचन पाळले.

"मग सायब म्हनले, काम तुजं. त्यातलं पाप माजं. आन पुडल्या तिन्ही ताली मामंजी म्हनतील तितं घातल्या. सायब फकस्त मागनं सूत धरायचं. सरकारफुडं चुकून बी मोठेपना घेतला न्हाई त्यांनी. हे बी सांगायचं ऱ्हायलं न्हाई पायजे."

धनाजी दारात उभा होता. म्हणाला, "आये, त्यांच्या वडलांचं हाय ते. जरा दमानं."

"दमानंच सांगितलं. ऐंशी वरीस दम काडला."

२५ जानेवारी

ऐकीव आहे. सांगणारीने पाहिलेले नाही. जिने पाहिले ती हयात नाही. शाळेत मी मुलांना सांगत असे की एका तोंडची गोष्ट पुरावा नसते.

पण मोरी आहे. तुटलेला पाया आहे. भरावात चिखल आहे. कोरी पाने आहेत.

आणखी एक आहे. अप्पा आषाढापासून कार्तिकापर्यंत दिवसाला एकदाच जेवत. आमच्या आळीत पुष्कळ जण एकभुक्त राहत, पण कुणी पर्युषणात दहा दिवस, कुणी महिनाभर. अप्पा चारही महिने, मरेपर्यंत. त्रेचाळीस वर्षे. आई एकदा चिडली होती. "महाराजांनी सांगितलेलं नाही, आणि तुम्ही कशाला?" अप्पा म्हणाले, "हे महाराजांचं नव्हे. माझं आहे."

या दोन गोष्टी एकमेकींना जोडायचे कारण नाही.

(नंतर) कारण आहे.

२६ जानेवारी

ब्राह्मीला सगळे सांगितले. तिला धक्का बसेल म्हणून हळूहळू, आधी मोरी, मग वही, मग रंगुबाई. ती शांतपणे ऐकत राहिली. फारच धीराने घेतले. मी म्हटले, "वाईट वाटून घेऊ नकोस." ती म्हणाली, "नाही वाटत, आत्या," आणि माझ्यासाठी पाणी तापवले. एवढ्या लहान वयात इतका समजूतदारपणा. हे अप्पांचेच.

२८ जानेवारी

लालासाहेबांना फोन करून ओळ मागे घेतली. दुसरी सांगितली. "या बागेची उभारणी कोंडीबा वीरकर, म्हसवड, यांनी केली."



"ताई, दगड पाथरवटाकडे गेलाय."

"कोरला का?"

"नाही अजून. पण ताई, मंडळ विचारेल, कागद काय आहे? तवनाप्पांची वही आहे. या माणसाचं काय आहे?"

"त्याच वहीतली कोरी पाने आहेत."

"कोऱ्या पानावर ठराव कसा करणार?"

"मी लिहून देते. सही करते. त्या चार महिन्यांत माझे वडील कामावर नव्हते, असे."

"नाव एकच बसणार आहे, ताई. तुमच्या वडिलांचं कुठेच राहणार नाही. हे लक्षात घ्या."

मी म्हटले, लक्षात घेतले आहे.

२९ जानेवारी

जिनेंद्रचा फोन. ब्राह्मीने सांगितले असणार.

"अक्का, आपल्याच बापाचं नाव आपण पुसायचं? वस्तीत काय सांगू मी? बापाने काम टाकून दिलं म्हणून?"

"नेम होता म्हणून."

"तेच. नेमाला नावं ठेवतील. म्हणतील, नेम पाळला आणि माणसं मारायला निघाला होता."

"म्हणू देत."

"तुला लाज नाही वाटत?"

उत्तर फोनवर मावणारे नव्हते. म्हणून इथे लिहिते. पहिले दोन दिवस वाटली. मग नीट पाहिले. हाताखालच्या माणसाने हुकूम मोडला, आणि साहेबाने त्या माणसाला शिक्षा केली नाही, भिंत पाडली नाही, श्रेय घेतले नाही. नेम चुकीचा होता असेही म्हटले नाही. तो नेम पुढेही पाळला आणि कोंडीबाने केले ते बरोबर होते हेही मानले. दोन्ही पोटात ठेवून चार दशके एक वेळ उपाशी राहिले. बाग आखणारे पुष्कळ असतील.

जिनेंद्रला एवढेच म्हटले, "भिंत बघून ये. मग बोल."

"भिंत आहे ना उभी? मग झालं," म्हणाला आणि फोन ठेवला.

३ फेब्रुवारी

निवेदन लिहिले. आधी लिहिले, "वडील अनुपस्थित होते." मग, "वडील रजेवर होते." रजा नव्हती. शेवटी: "आषाढ ते कार्तिक माझे वडील कामावर नव्हते. चौथी भिंत त्यांच्या हुकुमाविरुद्ध, कोंडीबा वीरकर यांनी उतरवून पुन्हा बांधली. पुढील तीन भिंती कोंडीबांच्या सांगण्याप्रमाणे झाल्या." सही केली. तारीख घातली.

पहिल्या तीन भिंती अप्पांच्या आहेत, हे लिहायचा मोह झाला. खरे आहे ते. पण दगडावर एकच नाव, आणि बाग पाहायला येणारा चौथ्या भिंतीपाशीच थांबतो.

९ फेब्रुवारी

मंडळाने मान्य केले. सातांपैकी चौघांनी. लालासाहेब विरुद्ध असतील असे वाटले होते. त्यांचे मत आमच्याकडे पडले.

रंगुबाईला सांगायला गेले. तिला आनंद होईल असे वाटले होते. तिने कपाळाला आठी घातली.

"आन मगदुमसायबाचं?"

"नाही."

"का न्हाई? पाप कुनी घेतलं?"

"पाप दगडावर कोरता येत नाही, रंगुबाई."

"येतंय की. पाप बी कोरा, काम बी कोरा. दगूड तुमचा येवडा कसा ल्हान?"

धनाजी हसायला लागला. मीही. पहिल्यांदाच तिच्या ओट्यावर मी लसणाच्या पाटीशेजारी बसले होते, हे उठताना ध्यानात आले.

१६ फेब्रुवारी

बाग उघडली. भाषणे लांबली. लालासाहेबांनी निवेदन वाचून दाखवले नाही, पण नाव नीट घेतले. जिनेंद्र आला होता. मागे उभा होता. भाषणे चालू असताना एकटाच वर गेला आणि चौथ्या भिंतीला हात लावून बघत होता. जाताना माझ्या पाया पडला. एरवी पडत नाही.

पहिल्या दिवशी लोकांना बाग दाखवायचे काम मी मागून घेतले होते. कडेगावहून दोन गाड्या आल्या होत्या. बहुतेक ऊसवाले, बायका, पोरे. चौथ्या टप्प्यावर सगळे दमून थांबले. मीही.

पांढऱ्या टोपीचे एक गृहस्थ भिंतीच्या सांध्यांत बोट घालून बघत होते. "चुन्याबिगर ही हुबी कशी ऱ्हायली? आमच्या बांधाचं दगूड दोन पावसाळं टिकत न्हाईत."

मोरी दाखवली. जांभळीची ओळ दाखवली. लोक राईत शिरून पाणी कुठे निघते ते बघून आले.

"कुनाचं डोकं हे?"

"कोंडीबा वीरकरांचे. म्हसवडचे. मेंढरे राखत."

"आन वरचा सायब? सरकारनं कुनाला तरी नेमलंच आसंल की."

"नेमले होते. माझे वडील."

माणसे वळून माझ्याकडे बघू लागली. एक बाई मुलाला गप्प करीत होती, तीही थांबली.

"मग ते कुटं व्हते तवा?"

"घरी," मी म्हणाले.

मागे पायऱ्यांवर उभे असलेल्यांना ऐकू गेले नसावे. एकाने कानाला हात लावला. तेव्हा वर्गात सांगत असे तसे पुन्हा सांगितले, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात.